एक घन सेंटीमीटर हवा

एक सेंटीमीटर लांब, तितकीच रुंद, तितकीच उंच. मुंबईत समुद्राकाठी, जानेवारीतल्या एखाद्या दुपारी, एवढीशी हवा बाजूला काढली असं समजा. तिच्यात किती रेणू असतील? पंचविसावर अठरा शून्यं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यास्थानांची नावं परार्धापाशी संपतात, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी. आपल्या या इवल्याशा हवेत असे अडीचशे परार्ध रेणू आहेत. सेकंदाला एक या गतीनं कुणी मोजायला बसलं, तर सुमारे ८०,००० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे.

बाष्प वगळून पाहिलं, तर यातले ९९ टक्के रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे. उरलेल्या एका टक्क्यात बहुतेक आरगॉन, आणि तो कशाशीच संयोग पावत नाही. तापमान, वारा, दाब हे सगळं या गर्दीचं काम. पण हवा शुद्ध आहे की विषारी, ढग बरसेल की नुसता तरंगत राहील, गव्हाचं पान हिरवं राहील की करपेल, हे ठरवणारे घटक या गर्दीत शोधूनही सापडणार नाहीत इतके थोडे असतात. ओझोन घ्या. दर अब्ज रेणूंमागे त्याचे साधारण ४०; शास्त्रज्ञ याला ४० पीपीबी म्हणतात. आपल्या घन सेंटीमीटरात ते एक लाख कोटी भरतात. त्याहून विरळ हायड्रॉक्सिल, एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन मिळून झालेला तापट जोडरेणू: सरासरी दहा लाख, भर दुपारी फार तर कोटीच्या घरात. आणि तरंगणारे घन-द्रव कण, ज्यांना एरोसोल म्हणतात, ते शहराच्या हवेत दहा हजारांच्या आसपास; रहदारीच्या रस्त्यावर लाखापर्यंत.

अडीचशे परार्ध, एक लाख कोटी, दहा लाख, दहा हजार. पायरीपायरीनं आकडा लहान होत जातो आणि त्याची सत्ता वाढत जाते. खालच्या वातावरणाच्या अभ्यासातली ही गोष्ट मला सर्वात विलक्षण वाटते. मोठ्या आकड्यांपुढे थक्क होण्याची आपल्याला सवय आहे. इथे थक्क व्हायचं ते लहान आकड्यांनी.

आता घन सेंटीमीटर सोडून जमिनीचा एक चौरस मीटर घेऊ आणि त्याच्या डोक्यावरची सगळी हवा तोलू. ती भरते दहा टनांहून थोडी अधिक. त्यातला बराचसा भाग, सुमारे चार-पंचमांश, तपांबरात म्हणजे वातावरणाच्या सर्वात खालच्या थरात असतो; आपल्या अक्षांशांवर तपांबर सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत पोचतं. या दहा टनांत खालच्या वातावरणातला ओझोन किती? जेमतेम दोन-तृतीयांश ग्रॅम. धुरकट दिवशी बारीक कण किती? दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम असे कण दोन किलोमीटर उंचीपर्यंत सारखे पसरले आहेत असं धरलं, तर ०.१ ग्रॅम. दहा टनांमध्ये एक दशांश ग्रॅम, म्हणजे दहा कोटींत एक भाग. तेवढ्यावर निळं आकाश पांढुरकं होतं आणि समोरची टेकडी दिसेनाशी होते.

ओझोन म्हटलं की आपल्याला आठवतं ते वरचं छत्र. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या विवराची बातमी आली, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, आणि शाळेच्या पुस्तकांत ओझोन कायमचा 'वरचा' झाला. जमिनीपासून वरपर्यंतचा सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंशावर आणला, तर त्याचा थर साधारण ३ मिलिमीटर जाड होतो. त्यातला नव्वद टक्के तपांबराच्या वरच्या स्थितांबरात. खालच्या तपांबरातला वाटा ०.३ मिलिमीटरचा. आपण श्वास घेतो तो या ०.३ मधून. सगळं आयुष्य याच्यात काढूनही आपण त्याच्याबद्दल फार कमी बोलतो, हे मला खटकतं.

या पातळ वाट्याचं पृथ्वीभरचं वजन सुमारे ३४ कोटी टन. हा साठा एका जागी पडून राहत नाही. तपांबरातला ओझोनचा रेणू सरासरी तीन आठवड्यांच्या आसपास टिकतो, म्हणून वर्षभरात सगळा साठा पंधराएक वेळा नव्यानं घडतो. तपांबरातल्या रासायनिक क्रियांमधून वर्षाला तयार होणारा ओझोन सुमारे ५०० कोटी टन आहे. जगातले सगळे सिमेंटचे कारखाने मिळून वर्षाला ४०० कोटी टनांच्या आसपास सिमेंट काढतात. सिमेंटला खाणी लागतात, भट्ट्या लागतात. ओझोनच्या या प्रचंड उत्पादनाला एकही धुराडं नाही. कुठलंही वाहन, कुठलीही चूल ओझोन बाहेर टाकत नाही. तो हवेत, उन्हात घडतो.

घडण्याची गती पाहण्यासारखी आहे. इंजिनातून, भट्टीतून, विजेच्या कडकडाटातून नायट्रोजनची ऑक्साइडं हवेत येतात. नायट्रोजन डायऑक्साइडच्या रेणूवर दुपारचं ऊन पडलं की एक-दोन मिनिटांत तो फुटतो आणि ऑक्सिजनचा सुटा अणू मोकळा होतो. हा अणू सेकंदाच्या एक लक्षांश भागातच शेजारच्या ऑक्सिजनला चिकटतो, आणि झाला ओझोन. उरलेला नायट्रिक ऑक्साइड मिनिटाभरात त्याच ओझोनला खाऊन पुन्हा डायऑक्साइड होतो. एवढंच असतं तर हिशेब शून्यावर आला असता. पण पेट्रोलची वाफ, रंगांतली द्रावणं, जळणाचा धूर, झाडांमधून निघणारी सुगंधी द्रव्यं यांच्या विघटनातून अशी मूलकं तयार होतात, की ती नायट्रिक ऑक्साइडला ओझोन खर्च न करता डायऑक्साइड बनवतात. मग चक्र फिरत राहतं आणि दर फेरीला ओझोन शिल्लक पडतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं हे गूढ १९५० च्या सुमारास हागेन-श्मिट या रसायनशास्त्रज्ञानं उकललं. त्याआधी तो अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होता. त्या शहरात तेव्हा ओझोन ५०० पीपीबीच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत, आणि ताणून ठेवलेल्या रबराला किती वेळात तडे जातात यावरून तो मोजला जाई.

या यंत्रणेतून एक चमत्कारिक गोष्ट निघते. ऐन रहदारीच्या चौकात ओझोन कमी असतो, कारण गाड्यांमधून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड तिथे त्याला खाऊन टाकतो. वारा तीच हवा शहराबाहेर नेतो, वाटेत ऊन तिला शिजवतं, आणि ओझोनचा कळस गाठला जातो तो पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या शिवारात. जिथे धूर दिसत नाही, तिथे.

मग हा वायू नुसता उपद्रवी आहे का? तसं असतं तर विषय सोपा होता. ओझोनवर अतिनील किरण पडले की त्यातून उत्तेजित झालेला ऑक्सिजन अणू सुटतो. असे बहुतेक अणू हवेच्या रेणूंवर आपटून शांत होतात; दमट हवेत दहातला एखादा बाष्पाच्या रेणूवर आदळतो आणि हायड्रॉक्सिलची जोडी जन्माला घालतो. हायड्रॉक्सिलचं आयुष्य साधारण एक सेकंद. त्या सेकंदात तो समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो: मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, पेट्रोलची वाफ. १९७१ मध्ये हायराम लेव्ही यांनी दाखवून दिलं, की खालच्या वातावरणाची सगळी झाडलोट प्रामुख्यानं हाच करतो. त्याच दशकात पॉल क्रुट्झेन यांनी तपांबरातल्या ओझोनचं रसायन उलगडलं; त्यांना १९९५ चं नोबेल पारितोषिक मोलिना आणि रोलंड यांच्यासोबत मिळालं.

आता इथे थांबून एक गुणाकार करून पाहू, कारण याच्या उत्तरानं मी स्वतः कितीदा तरी चकित झालो आहे. घन सेंटीमीटरला दहा लाख हायड्रॉक्सिल. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर, आणि तपांबराची सरासरी उंची बारा किलोमीटर धरू. एकूण रेणू होतात सहावर तीस शून्यं. त्यांचं वजन? सुमारे १७० टन. साऱ्या पृथ्वीवर, साऱ्या तपांबरात, कुठल्याही क्षणी असलेला हायड्रॉक्सिल एका मालगाडीच्या तीन वाघिणींत मावेल इतक्या वजनाचा आहे. आणि तो वर्षाला सुमारे ५० कोटी टन मिथेन संपवतो, शिवाय २०० कोटी टनांहून अधिक कार्बन मोनॉक्साइड. त्याच्याविना मिथेन साचतच गेला असता. ही झाडलोट सर्वात जोरात चालते ती उष्ण कटिबंधात, जिथे ऊन डोक्यावर असतं, बाष्प मुबलक असतं आणि वरचं ओझोनचं छत्र त्यातल्या त्यात पातळ असतं. म्हणजे आपल्याच आकाशात. पृथ्वीवरच्या मिथेनचा बहुतेक भाग याच पट्ट्यात नष्ट होतो.

एवढ्या विरळ गोष्टी मोजायच्या कशा? याच प्रश्नानं माणसाला पावणेदोनशे वर्षं गुंतवून ठेवलं आहे.

बाझेलमध्ये शोनबाइन यांनी १८३९ मध्ये विजेच्या प्रयोगात जाणवणारा एक उग्र वास ओळखला आणि त्याला ओझोन हे नाव दिलं. मग त्यांनी पोटॅशियम आयोडाइड आणि खळ लावलेला कागद तयार केला. हवेत टांगला की ओझोननं तो निळसर पडतो. एकोणिसाव्या शतकात असे कागद जगभर टांगले गेले. पण दमटपणा वाढला की रंग बदलतो, वारा वाढला की बदलतो. त्यामुळे ते ढीगभर आकडे आज फारसे कामाचे नाहीत. अपवाद पॅरिसच्या माँसूरी वेधशाळेचा. तिथे १८७६ पासून तीसेक वर्षं हवा द्रावणातून खेचून रासायनिक मापन होत होतं. १९८८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी त्या वह्या नव्यानं तपासल्या आणि उत्तर काढलं: सुमारे १० पीपीबी. आज उत्तर गोलार्धात शहरापासून दूरच्या हवेतही ३० ते ५० असतात. म्हणजे शतकभरात ओझोन तिप्पट-चौपट?

याला दुसरा साक्षीदार मिळाला तो बर्फात. ऑक्सिजनचा एक जड प्रकार असतो, पाचशे अणूंत एखादा. दोन्ही अणू जड असलेले ऑक्सिजनचे रेणू दहा लाखांत चार. ओझोन किती घडतो-मोडतो याप्रमाणे या दुर्मिळ जोड्यांचं प्रमाण किंचित बदलतं. ध्रुवीय बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांत लॉरेन्स यूंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जोड्या मोजल्या. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की १८५० नंतर तपांबरातल्या ओझोनची वाढ ४० टक्क्यांहून कमीच असली पाहिजे. जुन्या वह्यांतून निघणारी तिप्पट-चौपट वाढ या साक्षीशी जुळत नाही. दहा लाखांतल्या चार रेणूंच्या साक्षीवर शंभर वर्षांचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. मला ही घटना एखाद्या मोठ्या उत्खननाइतकी रोमांचक वाटते.

आजचं यंत्र पाऱ्याच्या दिव्यावर चालतं. त्याचा अतिनील प्रकाश, २५४ नॅनोमीटर लांबीचा, ओझोन शोषून घेतो. हवा भरलेल्या हातभर नळीतून हा प्रकाश पाठवला, तर ४० पीपीबी ओझोन त्यातले दहा हजारांत चार भाग गिळतो. उरलेले ९,९९६ पलीकडे पोचतात. एवढ्या फरकावरून यंत्राला आकडा सांगायचा असतो, तोही दर मिनिटाला, वर्षानुवर्षं, दिव्याची चमक कमीजास्त होत असताना. वर आकाशात मोजायचं असेल तर फुग्याखाली एक छोटी पेटी बांधतात. तिच्यातला पंप मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर हवा आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुडत नेतो. ओझोनच्या प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन तारेतून वाहतात. जमिनीलगत हा प्रवाह भरतो एक मायक्रोअँपियर, अँपियरचा दहा लाखावा भाग. फुगा सेकंदाला पाच मीटर वेगानं चढतो, तीस किलोमीटरच्या पलीकडे फुटतो, आणि तोवर इलेक्ट्रॉनांचा हिशेब रेडिओवरून खाली पाठवत राहतो.

ही पेटी भारतानं स्वतः घडवली आहे, हे महाराष्ट्रात तरी प्रत्येक विज्ञानप्रेमी विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. केरळात पीरमेड इथे १९१८ मध्ये जन्मलेल्या अॅना मणी सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या, इंग्लंडला जाऊन हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास करून आल्या आणि १९४८ मध्ये पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. आयात उपकरणांवर देशाचं हवामानशास्त्र उभं राहणार नाही, या आग्रहानं त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची रेखाटनं प्रमाणित केली. १९६० च्या दशकात त्यांच्या आणि सी. आर. श्रीधरन यांच्या प्रयत्नांतून भारतीय ओझोनसाँड तयार झाला. तेव्हा असं उपकरण स्वतः बनवणारे देश बोटांवर मोजण्याइतके होते. पुणे, दिल्ली आणि तिरुवनंतपुरम इथून ते फुगे पुढे दशकानुदशकं सोडले गेले. आपल्या डोक्यावरच्या ओझोनचा जो काही इतिहास आपल्याकडे आहे, तो बराचसा याच एकेका मायक्रोअँपियरमधून आला.

कण मोजण्याची गोष्ट वेगळी. स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन यांनी १८८० च्या दशकात एक युक्ती काढली. हवेत बाष्प कोंबून ती एकदम प्रसरण पावू दिली, की ती थंड होते आणि प्रत्येक कणाभोवती पाण्याचा थेंब धरतो. डोळ्याला न दिसणारा कण दिसण्याइतका मोठा होतो. चौकटी आखलेल्या तबकडीवर पडणारे थेंब भिंगातून मोजायचे. आज पाण्याऐवजी अल्कोहोलची वाफ आणि भिंगाऐवजी लेसर वापरतात. तत्त्व एटकिन यांचंच.

या कणांच्या आकारांचा पल्ला डोकं गरगरवणारा आहे. सर्वात लहान एक नॅनोमीटर, सर्वात मोठा शंभर मायक्रॉन. व्यासात फरक एक लाख पटींचा, वजनात एकावर पंधरा शून्यं इतक्या पटींचा. दहा मायक्रॉनचा कण निश्चल हवेत दिवसाला अडीचशे मीटरहून जास्त खाली येतो. एक मायक्रॉनचा तीन मीटर. आणि ०.१ मायक्रॉनचा दिवसभरात जेमतेम साडेसात सेंटीमीटर. म्हणून जाड धूळ बसते आणि बारीक कण पाऊस येईपर्यंत किंवा एकमेकांना चिकटून मोठे होईपर्यंत हिंडत राहतात, सरासरी आठवडाभर. आठवडाभरात वारा हजारो किलोमीटर जातो. सहारातून उडालेली धूळ अटलांटिक ओलांडून दरवर्षी सरासरी २ कोटी ७७ लाख टन इतकी अमेझॉनच्या खोऱ्यावर पडते आणि तिच्यासोबत २२,००० टन फॉस्फरस तिथल्या जंगलाला मिळतो. जानेवारी २०२२ मध्ये वायव्येकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीनं मुंबई-पुण्यातल्या गाड्या पांढऱ्या केल्या, तेव्हा या प्रवासाची चुणूक आपल्यालाही मिळाली.

आता श्वास. माणूस दिवसाला सुमारे ११ घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे एक कोटी दहा लाख घन सेंटीमीटर. प्रत्येकात दहा हजार कण, तर दिवसाला ११,००० कोटी कण. यातले बरेच उच्छ्वासाबरोबर परत जातात, काही फुप्फुसाच्या तीस-पन्नास कोटी वायुकोशांत राहतात. वजनानं पाहिलं तर? भारताची बारीक कणांची (पीएम २.५) वार्षिक मर्यादा २००९ पासून घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. ती कटाक्षानं पाळलेल्या शहरात सत्तर वर्षं राहणारा माणूस आयुष्यभरात सुमारे ११ ग्रॅम बारीक कण आत ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेल्या ५ मायक्रोग्रॅमच्या पातळीला तेच दीड ग्रॅमच्या आत येतात. अकरा ग्रॅम आणि दीड ग्रॅम यांच्यातल्या या फरकापायी माणसं मरतात. २०२१ साली हवेच्या प्रदूषणानं जगभरात ८१ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यातले सुमारे ४ लाख ९० हजार ओझोनचे.

काजळीचा हिशेब तर स्वतंत्रच सांगायला हवा. अर्धवट जळलेल्या डिझेलमधून, लाकडातून, शेणीतून निघणारी एक ग्रॅम काजळी हवेत नीट पसरली, तर ती साडेसात चौरस मीटरवर पडेल इतकं ऊन शोषून घेते. सहावारी साडीपेक्षा मोठं आणि नऊवारीपेक्षा थोडं लहान असं हे वस्त्र, अवघ्या एका ग्रॅमचं.

अशा वस्त्रानं हिंदी महासागर झाकला गेल्याचं १९९९ मध्ये जगानं पाहिलं. जानेवारी ते मार्च या काळात मालदीवला तळ ठेवून विमानं, जहाजं, उपग्रह आणि दोनशेहून अधिक शास्त्रज्ञ कामाला लागले. व्ही. रामनाथन आणि क्रुट्झेन यांच्या पुढाकारानं झालेली ही इंडोएक्स मोहीम, भारतातून ए. पी. मित्रा यांचा तिच्यात मोठा वाटा होता. ईशान्येकडून वाहणारा हिवाळी वारा उपखंडाचा धूर समुद्रावर नेतो, हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हती ती व्याप्ती: तीन किलोमीटर जाडीचा तपकिरी थर, सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरवर. म्हणजे तीन भारत. बारीक कणांच्या वजनात काजळी दहा टक्क्यांहून थोडी अधिक, तरी समुद्रापर्यंत पोचणारं ऊन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं होतं. चौरस मीटरला एक दशांश ग्रॅम धरलं तर एवढ्या सगळ्या थराचं वजन दहा लाख टन होतं, आणि तेवढ्याच क्षेत्रावरच्या सगळ्या हवेचं एक कोटी कोटी टन.

ऊन अडवणं हे एक काम, ढग घडवणं हे दुसरं. अगदी निर्मळ हवेत, एकही कण नसताना, बाष्पाचा थेंब व्हायला आर्द्रता चारशे टक्क्यांच्या आसपास न्यावी लागते. कण असले की शंभरच्या वर अर्धा-एक टक्का पुरतो. म्हणून आकाशातल्या प्रत्येक ढगाच्या प्रत्येक थेंबाच्या पोटात कधीतरी एक कण होता: मीठ, धूळ, गंधकाचं संयुग, धुराचा अंश. दोन मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब घडायला ढगातले वीस मायक्रॉनचे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. आणि इथे कणांची संख्या घात करू शकते. तेवढंच पाणी घन सेंटीमीटरला शंभर थेंबांऐवजी हजार थेंबांत वाटलं गेलं, तर प्रत्येक थेंब व्यासानं निम्म्याहून लहान होतो, आणि लहान थेंब एकमेकांवर आदळून मोठे होईनात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २००९ पासून विमानांतून केलेल्या कायपीक्स मोहिमेत हेच दिसलं: हवेत कण जास्त असले, की पाऊस सुरू व्हायला ढग आणखी उंच वाढावा लागतो. या मोहिमेचा पुढचा टप्पा सोलापूरला झाला, पर्जन्यछायेच्या प्रदेशात. तिथे ढग पाहून घरात भांडी मांडून ठेवणाऱ्यांना हा प्रश्न विमानातून शिकावा लागत नाही.

ओझोन आणि कण यांना वेगवेगळं मोजण्याची आपली सरकारी सवय आहे. हवेत ते वेगळे राहत नाहीत. चीननं २०१३ ते २०१७ या काळात कारखान्यांवर कठोर बंधनं घातली आणि पूर्व भागातले बारीक कण सुमारे ४० टक्क्यांनी खाली आणले. कौतुकास्पद काम. पण त्याच काळात मोठ्या शहरांच्या पट्ट्यांत उन्हाळी ओझोन वर्षाला एक ते तीन पीपीबीनं चढत गेला. २०१९ मध्ये मांडलेलं प्रमुख स्पष्टीकरण असं, की कणांचे पृष्ठभाग ओझोन घडवणाऱ्या मूलकांना गिळत होते. कण कमी झाले आणि मूलकं मोकाट सुटली. आपल्या शहरांतही कण कमी करण्याच्या योजना चालू आहेत आणि त्या व्हायलाच हव्यात. मात्र सोबत द्रावणांच्या, पेट्रोलच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडं आवरली नाहीत, तर एका आकड्याची घट दुसऱ्याच्या वाढीत खर्ची पडेल.

आणि ती वाढ कुठे दिसेल? मघाशी सांगितलं तसं, शिवारात. पिकावरचा परिणाम मोजण्यासाठी युरोपात एक पद्धत आहे: उजेडाच्या प्रत्येक तासाला ओझोन ४० पीपीबीच्या वर किती गेला ते लिहायचं आणि हंगामभर बेरीज करायची. तीन महिन्यांत ही बेरीज ३,००० झाली की गव्हाचं उत्पादन पाच टक्क्यांनी घटतं असं मानतात. दिवसाचे दहा तास ५५ पीपीबी राहिलं तर रोजची बेरीज १५०. म्हणजे वीस दिवसांत मर्यादा संपली, आणि हंगामाचे सत्तर दिवस अजून बाकी. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी पानाची रंध्रं उघडतात ती दिवसाउजेडीच, ओझोनचा चढ असतो तेव्हा. पाहुण्याबरोबर चोर आत शिरतो.

आयआयटीएमचे सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये भारताचा हिशेब मांडला. २००५ या एका वर्षात ओझोननं बुडवलेला गहू सुमारे ३५ लाख टन, तांदूळ २१ लाख टन. अन्नसुरक्षा कायद्याखाली देशाला वर्षाला लागणाऱ्या ६१२ लाख टन धान्याच्या हे नऊ टक्क्यांहून अधिक आहे. कीड नाही, दुष्काळ नाही, गारपीट नाही. पंचनामा करायला कुणी येत नाही, कारण पीक उभं असतं, फक्त दाणा कमी भरतो.

हवा मोजणारी आपली केंद्रं मुख्यतः शहरांत आहेत. आयआयटीएमनं सफर ही सेवा २०१० मध्ये दिल्लीत सुरू केली, २०१३ मध्ये पुण्यात, २०१५ मध्ये मुंबईत आणली आणि शहरी माणसाला रोजचा आकडा मिळू लागला. आता हेच यंत्र शिवारात न्यायला हवं. नाशिक जिल्ह्यात निफाडला गव्हाचं जुनं संशोधन केंद्र आहे. तिथे, आणि अशाच दहा-वीस ठिकाणी, पाऱ्याच्या दिव्याचं एकेक यंत्र डिसेंबर ते फेब्रुवारी चालवलं, तर प्रत्येक ठिकाणी उजेडाच्या तासांचे हजारेक आकडे हाती येतील. चाळीसच्या वरच्या भागाची बेरीज करायला तेवढे पुरतात, आणि शेजारच्या वाफ्यात ओझोन गाळलेल्या हवेत वाढवलेला गहू ठेवला तर दाण्यातला फरक तराजूवर तोलता येतो.